डाव्या बाजूची गाठ

आमचं बेलर यंत्र एका गठ्ठ्याला दोन गाठी मारतं, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. गेल्या दसऱ्यानंतर त्यातली डावीकडची गाठ बसेना. त्या एका गाठीपायी मी आठ-दहा दिवस घरादाराला नको नको ते बोलले. ज्यांना बोलले त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही, निदान तसं ते म्हणतात.

हे यंत्र चारा बांधायचं. शेतात वाळलेल्या चाऱ्याच्या ओळी घातलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या मागं हे धूड चालतं, पुढच्या दातांनी चारा उचलतं, पोटात घेऊन ठोसे मारून दाबतं, आणि सुतळीचे दोन वेढे आवळून मागनं चौकोनी गठ्ठा टाकतं. माझे यजमान फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. रिटायर होऊन आष्ट्याला आले तेव्हा ओळखीनं पंजाबातून हे जुनं यंत्र घेऊन आले. त्याच्या पत्र्यावर पंजाबीत काहीतरी लिहिलंय. आमचे फौजी म्हणतात, देवाचं नाव आहे. मला वाटतं, ‘विकणे आहे’ असं असावं.

आम्ही कामं वाटून घेतलेली आहेत. इंजीन, बेरिंग, ग्रीस हे त्यांचं. गाठ माझी. चाळिशीनंतर त्यांना जवळचं दिसेनासं झालं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे मी मेंढपाळाची लेक. माणदेशात आमच्या माहेरी लहानपणी हातात पाटी यायच्या आधी लोकर कातायची चाती आली होती. सूत कुठं सैल आहे, कुठं पीळ जास्त झालाय, हे मला न बघता कळतं. पहिल्यांदा त्या यंत्राची झडप उघडून गाठ कशी होते ते बघितलं तेव्हा मी तासभर तिथून हलले नव्हते. खालून वाकडी सुई सुतळी घेऊन वर येते. एक चकती ती घट्ट धरते. मग पोपटाच्या चोचीएवढी एक लोखंडी चोच स्वतःभोवती गिरकी घेते, सुतळी तिच्यावर गुंडाळली जाते, चोच उघडून सुतळीची टोकं धरते, आणि शेवटी एक लोखंडी हात येऊन चोचीवरचा फास ओढून काढतो. फास निघताना टोकांवर आवळतो. झाली गाठ. माणसाला इतक्या वेळात सुतळीचं टोकसुद्धा सापडत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, ते यंत्र बघून फक्त एवढंच म्हणाले होते, “यंत्राची गाठ म्हंजी काय गाठ व्हय? गाठ मारणाऱ्याला सोडायची म्हाईत पायजे.” दोरीच्या बाबतीत आबा फार कडक. कोकराच्या गळ्यातली असो की मेंढरं कोंडायच्या जाळीची, वाघरीची, सोडता येते ती दोरी कापायची नाही. आमच्यातल्या कुणी घाईत दोरीला विळा लावलाच तर दोन दिवस बोलायचे नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आबांचा उजवा गुडघा गेला. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते कृष्णाकाठाला उतरायचे, खतासाठी रानोरान बसवायचे, आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. यंदा त्यांना वेशीपर्यंत जाणं होईना. भाऊ पुण्याला कंपनीत, त्याला मेंढरात रस नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मेंढरं जागेवर ठेवायची तर चारा विकत घ्यायचा कुठून? आबांनी फोनवर सांगून टाकलं, दिवाळीच्या आधीच्या बाजाराला चाळीसच्या चाळीस मेंढरं लोणंदला न्यायची.

मी म्हटलं, “आबा, चारा मी देते.”

“तू कुठनं देतीस?”

“आमच्याकडं भुईमुगाचा पाला पडून असतो. मी बांधून देते.”

आबा म्हणाले, “बघ. बाजारापतूर वाट बघतो.”

बोलून गेले खरी, पण मला काय करायचंय ते पक्कं माहीत होतं. आमच्या शिवारात शेंगा तोडून झाल्या की पाला रानात वाळतो. ज्यांच्याकडं जनावरं कमी, ते तो बांधाला लोटून देतात. मी चार-पाच घरं फिरले आणि अर्धलीवर ठरवलं. आम्ही बांधून द्यायचं, निम्मे गठ्ठे त्यांचे, निम्मे आमचे. फौजी म्हणाले, “मिशन चांगलं हाय. पण गाडी जुनी हाय.” मी म्हटलं, “गाडी जुनी, ड्रायव्हर जुना, पण चालतंय न्हवं?”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही बेलर धुतलं. विळे, खुरपी, पाने, सगळं ओळीनं मांडलं. यंदा त्या यंत्राकडनं मला मोठं काम करून घ्यायचं होतं, म्हणून माझा उत्साह जरा जास्तच होता. ट्रॉलीचा फाळका रंगवून तांबडा ऑइलपेंट उरला होता. मी ब्रश घेतला आणि झडप उघडून गाठीचा भाग रंगवायला बसले. डावी बाजू सुबक रंगवली, चोचीसकट. उजवीकडं आले तेव्हा डबा खरवडूनही काही निघेना. उजवी तशीच राहिली, काळी आणि कळकट. मला तिची दया आली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडं भंडारा टाकला, कुंकू लावलं, आपट्याची पानं खोचली. डावी चोच लग्नातल्या नवरीसारखी दिसत होती.

पूजा झाल्यावर आईला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, “तुझ्या आबांनी कातर पुजली, आन् फडक्यात बांधून कणगीमागं ठिवली.” लोकर कातरायची ती कातर. मला कळतंय तेव्हापासून ती दाराजवळच्या खुंटीला असायची. ती खुंटीवर नाही हे मला डोळ्यांपुढं आणता येईना. मी फोन ठेवला आणि फौजींना म्हणाले, दसरा उलटला की तिसऱ्या दिवशी रानात.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांधायला लागलो. पहिल्या पाच-सहा गठ्ठ्यांतच दोनांची डावी सुतळी तटकन तुटली. बाकीच्यांना गाठ दिसत होती. मी घाईत होते, दिसतेय म्हटल्यावर आहे असं धरून चालले. संध्याकाळपर्यंत आमच्या वाटणीचे साठ गठ्ठे झाले. टेम्पो भरला आणि माहेरी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांचा फोन. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

“आगं, हे गठ्ठं हायती व्हय? टेम्पोत सगळा पसाराच झालाय. निम्मा पाला वाटंतच सांडला म्हनं ड्रायव्हर.”

रस्त्यातल्या गतिरोधकांनी एकेक करून डाव्या गाठी सुटल्या होत्या. आबा चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “ऱ्हाऊ दे बाई. तू केलंस, पोचलं मला. बाजाराला न्हेतो.”

“बाजाराला अजून दिस हायती,” मी म्हटलं. “मी परत आणते.”

“आन मग,” म्हणाले, पण लहान मुलाला म्हणतात तसं.

मला राग आला. आबांचा नाही, त्या डाव्या बाजूचा. नंतर तो पसरत गेला. आधी मी सुतळीवाल्याकडं जाऊन त्याला सांगितलं की तुझी सुतळी कुजकी आहे. त्यानं शांतपणे विचारलं, “वहिनी, मग उजवीकडं कशी चालती?” मी आणखी मोठ्यानं बोलले. मग फौजींना म्हणाले की ट्रॅक्टर फार जोरात चालवता. त्यांनी बैलगाडीच्या चालीनं चालवून दाखवला, तरी सुटल्याच. मग मी यंत्र विकणाऱ्या पंजाबातल्या त्या न पाहिलेल्या माणसालाही सोडलं नाही.

मग मी पाना हातात घेतला. सुतळी धरणाऱ्या चकतीच्या स्प्रिंगचा नट एक आटा आवळला. आता टोकं कुरतडल्यासारखी तुटायला लागली. दोन आटे सैल केला, तर एकाच टोकाला गाठ यायला लागली. सुतळी जिथून सुटते तिथला ताण वाढवला, कमी केला. एका वेळी एकच नट फिरवायचा आणि किती फिरवला ते लिहून ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तीन दिवसांत मी डावीकडचा एकही नट मूळ जागी ठेवला नाही.

शेवटी सांगलीहून एक मिस्त्री बोलावले. चांगला माणूस, पण उसाच्या यंत्रांवरचा. त्यांनी फास ओढणारा तो लोखंडी हात हातोडीनं थोडा वाकवून बघितला, आणि म्हणाले, “चोच झिजलीया. नवी पंजाबातनं मागवा. लागतील वीसेक दिस.” वीस दिवसांनी दिवाळी होऊन गेलेली असणार होती. मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर फौजी म्हणाले, “आता काय करायचं?”

“बघत बसायचं,” मी म्हटलं.

आणि खरंच बघत बसले. सकाळी चहा घेऊन यंत्राशी जायचं, ट्रॅक्टर बंद, फौजींनी यंत्राचं जड चाक हातानं हळूहळू फिरवायचं, मी पाटावर बसून झडपेत डोळे घालायचे. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. “थांबा. मागं घ्या. आता पुढं. आवं, हळू.” त्यांचे दंड भरून आले. “फौजेत एवढी परेड न्हवती,” म्हणाले. पण सोडून गेले नाहीत.

हातानं फिरवताना एक गोष्ट दिसली, जी पळत्या यंत्रात दिसत नव्हती. डावीकडंही गाठ होत होती. नीट, अगदी उजवीसारखी. घोटाळा पुढं होता. फास चोचीवरून घसरून निघायला पाहिजे, तो निघत नव्हता. चिकटून राहायचा, मग हिसका बसला की एक तर तुटायचा, नाहीतर टोकं निसटून अर्धवट आवळायचा. दिसायला गाठ, आत काही नाही.

दुसरी गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बघत होते आणि बघून सोडत होते. डाव्या सुतळीच्या तुटक्या टोकाला नेहमी तांबडं लागलेलं असायचं. मला वाटायचं, पूजेचं कुंकू. पुजलेल्या हत्याराचं कुंकू आमच्यात पुसत नाहीत, ते कामानं आपोआप जायचं असतं. म्हणून त्या चोचीला मी बोट लावलं नव्हतं. मिस्त्री पुसायला गेले तेव्हा त्यांचाही हात धरला होता.

त्या सकाळी सुतळीचं टोक हातात घेऊन बसले असताना माझी नजर उजव्या चोचीवर गेली. तिच्यावर कुंकवाचा कणही नव्हता. पहिल्या दहा-बारा गठ्ठ्यांतच गेला असणार. सुतळीनं घासून घासून ती पैंजणासारखी चकाकत होती. आणि डावी अजून लाल. कुंकू एवढे दिवस कसं राहील?

मी उजव्या चोचीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. डाव्या चोचीवरून फिरवलं, बोट अडलं. नखानं खरवडलं, तर तांबड्या रंगाची साल निघाली, खाली अजून ओलसर, चिकट. मी दिलेला रंग. जाड हातानं, प्रेमानं, चोचीसकट.

मला सुतळीवाल्याचा चेहरा आठवला. मिस्त्रींचा आठवला. त्यानंतर टेम्पोतला तो पसारा आठवला, आणि आबांचं “पोचलं मला” आठवलं. मला माझीच लाज वाटली.

फौजींनी विचारलं, “काय झालं?”

“चोच मी रंगवली,” मी म्हटलं. “त्याला चिकटतंय.”

ते वाकून बघायला लागले. चष्मा नव्हता, त्यांना काही दिसलं नसणार. पण म्हणाले, “फौजेत याला फ्रेंडली फायर म्हणत्यात. आपलीच गोळी आपल्याच माणसाला.” आणि हसायला लागले. मला हसू आलं नाही, पण रडू येत होतं ते थांबलं.

माहेरच्या देवाला, बिरोबाला, मनातल्या मनात सांगितलं की कुंकू पुसत नाही, रंग काढतेय. डिझेलचा बोळा घेऊन चोच पुसली. मग बारीक पॉलिश पेपर घेतला आणि घासायला बसले. चोचीच्या पोटात, जबड्याच्या कडेला, टाचेपाशी, जिथं बोट पोचत नाही तिथं काडीला पेपर गुंडाळून. जेवणाची वेळ झाली, टळली. दुपारी केव्हातरी डावी चोच उजवीसारखी झाली.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मधल्या दिवसांत मी आणि मिस्त्रींनी मिळून जे जे फिरवलं, वाकवलं होतं ते परत आणायचं होतं, आणि मूळ जागा कुणालाच माहीत नव्हती. उजवी बाजू तेवढी आमच्या तावडीतून सुटली होती. मग तिलाच गुरू केलं. उजव्या नटाच्या वर किती आटे दिसतात ते मोजले, डावीकडं तेवढेच ठेवले. उजवीकडं लोखंडी हात आणि चोचीची टाच यांच्यात आधार कार्ड घालून बघितलं, जात नव्हतं. डावीकडं सरळ जात होतं. फौजींनी तो हात लाकडी ठोकळा लावून ठोकत ठोकत आणला, कार्ड अडेपर्यंत. चकतीतून सुतळी हातानं ओढून बघितली, आधी उजवी, मग डावी, मग परत उजवी. इथं लोकरीचं शहाणपण उपयोगी पडलं. दोन्हीकडची ओढ सारखी लागेपर्यंत मी ऐकलं नाही.

चाक फिरवलं. सुई वर आली, चोचीनं गिरकी घेतली, हात आला, आणि फास अलगद निघाला. मी ती गाठ दोन्ही हातांनी ओढली. मग पाय लावून ओढली. सुतळी काचून तळवे लाल झाले, गाठ हलली नाही.

पुढचे दिवस रानात गेले. या वेळी मी दिसणाऱ्या गाठीवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक गठ्ठा ट्रॉलीवर चढवायचा आणि वरून खाली टाकायचा. टिकला तर आपला, नाही तर परत यंत्रात. लोक बांधावर उभे राहून बघत. “वैनी, चारा देताय का कुटताय?” मी म्हटलं, “दोन्ही.” दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एकही सुटला नाही. दीडशे गठ्ठे झाल्यावर मी सुतळीवाल्याकडं गेले, नवी सुतळी घेतली आणि झालं ते सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, मी तवाच म्हनलो होतो.” म्हणू दिलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी टेम्पोत पुढं बसून मी स्वतः गेले. प्रत्येक गतिरोधकाला मान मागं वळवत होते. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, मान दुखंल.”

मेंढरांच्या वाड्यापाशी पोचलो तेव्हा आबा काठी टेकून उभे होते. उतरवताना एकेक गठ्ठा धप्पकन जमिनीवर पडत होता आणि तसाच्या तसा चौकोनी राहत होता. शेवटी आबा गुडघा सांभाळत एका गठ्ठ्याशी बसले, आणि गाठीला हात घातला. डाव्याच गाठीला. त्यांना डावी-उजवी काही माहीत नव्हतं, ती पुढं आली एवढंच.

नखानं सोडून बघितली. काठीच्या टोकानं उचकटून बघितली. तोंडाजवळ नेऊन दातांनी ओढली. मेंढरं कुंपणाला तोंडं लावून ओरडत होती. आई दारात उभी होती. मी जवळ गेले नाही. पाच-दहा मिनिटं तरी ते त्या गाठीशी झगडत होते, आणि मला वाटत होतं, सुटू नकोस, आता सुटू नकोस.

आबांनी वर बघितलं. “सुटंना गं,” म्हणाले.

मग आईकडं वळून म्हणाले, “ती कातर आन.”

आई आत गेली. कणगीमागनं ते फडकं घेऊन आली. आबांनी मांडीवर ठेवून फडक्याची गाठ सोडली, ती लगेच सुटली. कातर काढली, सुतळीखाली पातं घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दोरी कापताना बघितलं. पाला मोकळा झाला तसा उन्हात वाळलेल्या भुईमुगाचा वास सुटला. आईनं कुंपण उघडलं.

चाळीस तोंडं त्या गठ्ठ्यात शिरली. आबा बराच वेळ बघत राहिले. फडकं त्यांनी आईच्या हातात दिलं आणि धुवून ठेव म्हणाले. आईनं कातरीसाठीही हात पुढं केला. ती त्यांनी दिली नाही. उठले, गुडघ्यावर हात दाबत दारापर्यंत गेले, आणि तिच्या जुन्या खुंटीला अडकवली.